मागच्या सीटवरचे साळवे

लिंबाजी साळवे यांनी एकतीस वर्षं मोटारसायकली विकल्या आणि त्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, खरंच? खरंच. भोकरदनच्या ज्या शोरूममध्ये मी अकरा वर्षं पासिंगची आणि विम्याची कागदं केली, तिथे साळवे दिवसातून शंभर वेळा माझ्या टेबलासमोरून इकडून तिकडे जात. पण हँडल धरून सीटवर बसलेले साळवे मी एकदाही पाहिले नाहीत. गाडी आतून बाहेर काढायची असली तरी ते तिच्या बाजूने चालत, तिला ढकलत बाहेर आणत.

आम्ही 'सारंग' विकायचो. देशी कंपनीची साधी गाडी. पातळ चाकं, लांब सीट, आणि दुधाच्या दोन कॅन बांधल्या तरी कुरकुर न करणारं कॅरियर. आमच्या भागात मोटारसायकल घेतली असं फार कमी लोक म्हणायचे, सारंग घेतली असं म्हणायचे. काही म्हातारे तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही सारंगच म्हणत आणि त्यांची पोरं त्यावरून चिडत.

साळव्यांना एका जागी बसवत नसे. मालकांनी त्यांना टेबल दिलं होतं, खुर्ची दिली होती. त्या खुर्चीत त्यांचं हेल्मेट बसलेलं असे. स्वतः ते दारात, मग पायरीवर, मग मागे वर्कशॉपमध्ये, मग परत दारात. हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तो सतत वाजता. रस्त्यावरून एखादी सारंग गेली की मान वळायची आणि पुटपुटणं सुरू व्हायचं, "पारधची. शेळक्याची दुसरी. चेन ढिली हाय." मी माणूस चिडका. समोर कोणी अशा येरझाऱ्या घालायला लागलं की माझी चेसिस नंबर लिहिताना एक तरी चूक व्हायचीच. मी ओरडायचो, "साळवे भाऊ, बसा की जरा."

"बसायचं ठिकाण येगळं हाय आपलं, कागदवाले," ते म्हणायचे. माझं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं होतं.

ते ठिकाण म्हणजे गाडीची मागची सीट. कोणी नवी सारंग घेतली की गिऱ्हाईक चालवणार आणि साळवे मागे बसून त्याच्या गावापर्यंत, थेट दारापर्यंत जाणार. कंपनीचा असा नियम नव्हता, मालकांचाही नव्हता. साळव्यांचा होता. घरी जाण्याआधी आमच्याकडची नवी गाडी राजूरच्या गणपतीला जाते. चाकाखाली लिंबू, गळ्यात झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि मगच गाडी घरची होते. साळवे बौद्ध. ते देवळात जात नसत. "तुम्ही जाऊन या, मी गाडीपाशी थांबतो," असं सांगून ते बाहेर टपरीजवळ उभे राहत. पूजा झाली की पुन्हा मागे बसून गिऱ्हाइकाच्या गावी, आणि तिथून मिळेल त्या जीपने परत. संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीवर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायचो. ते टुणकन उतरायचे आणि मी तसाच पुढे निघायचो.

मागे बसल्यावर हा माणूस निराळाच व्हायचा. दोन्ही हात मांडीवर, पाठ सरळ, किल्ल्या खिशात गप्प. पाठीमागे कोणी आहे हेही विसरायला व्हायचं. आणि मग मध्येच हेल्मेटमधून आवाज यायचा, "तिसऱ्यात उशिरा जाऊन राह्यले तुम्ही. तिला धाप लागती." किंवा, "ब्रेकवर पाय ठेवून चालवू नका, दोन महिन्यांत लायनर खाल." ज्यांनी कधी गिअर टाकला नव्हता त्यांना गाडीचं पोट बसल्या जागी कळायचं. गिऱ्हाईकही कळायचं. कोण घाबरट आहे, कोण बायको बघत असली की वेग वाढवतो, कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे सगळं ते त्या एका फेरीत ओळखत आणि जन्मभर लक्षात ठेवत.

दारात पोचलं की उतरायचे, हेल्मेट काढायचे आणि म्हणायचे, "गाडी पोचली. आता चहा आत."

मला बरीच वर्षं वाटत होतं की माणूस चहाबाज आहे. आत बसून निवांत दोन कप मिळत असतील, इतकंच. मी त्यावरून त्यांची थट्टाही करायचो. एकदा दुपारी शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं, मी थट्टा केली आणि ते येरझाऱ्या थांबवून माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

"पहिली गाडी धावड्याची," ते म्हणाले. "उत्तमराव शेजूळ. तवा मी नवाच लागेल होतो, झाडलोट करायला. उत्तमरावला गाडी नीट येत नव्हती. मालक म्हणला, लिंबाजी, मागं बस अन् जा संगं. आता मला तरी कुठं येत होती? पण गाडीसंगं पुस्तक येतं ना कंपनीचं, ते मी वाचेल होतं. मागून सांगत गेलो. आता दुसरा टाका, आता तिसरा. त्याला वाटलं, हा मोठा वस्ताद हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दारात उतरलो. त्याच्या मायनं चहा बाहेर आणला. मी ओट्याच्या खाली उभा अन् माझा कप येगळा. मी हात पुढं केला न्हाई. म्हणलं, गाडी पोचली, आता चहा आत. कसं निघालं तोंडातून, मलाच माहीत न्हाई. मनात म्हणलं, गेली नोकरी."

"मग?"

"मंग उत्तमराव म्हणला, चल आत. बापाच्या जन्मात आमचं कुणी त्या ओट्यावर चढेल न्हाई. मी आत गेल्तो. पाट टाकून बसवलं मला." किल्ल्या पुन्हा वाजू लागल्या. "तुम्ही इचारता ना, गाडी का शिकले न्हाई? शिकलो असतो तर मालकानं किल्ली देली असती, जा, देऊन ये. चालवणारा ड्रायव्हर असतो, कागदवाले. त्याला दारातून वापस धाडतात. मागं बसणारा पाव्हणा असतो."

त्यानंतर मी चहावरून थट्टा केली नाही. पण दुसरंही काही केलं नाही, हे आज लिहिताना टोचतं.

सारंगवर लोकांचा जो जीव होता त्याबद्दल पुष्कळ बोललं जायचं. ॲव्हरेज देते, चिखलात चालते, कुठलाही मिस्त्री खोलू शकतो. सगळं खरं होतं. पण तितकंच देणाऱ्या दुसऱ्याही गाड्या होत्या आणि समोरच्याच रस्त्यावर त्यांची शोरूम होती. एकदा राजूरजवळचा एक दूधवाला सारंग घ्यायचीच म्हणून आला. साळव्यांनी त्याला बाहेर नेऊन चहा पाजला आणि सांगितलं, "तुमचा चढ मोठा, दूध चार कॅन. सारंग दम सोडंल. समोर जा, त्यांची मोठी गाडी घ्या." मालक दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या दूधवाल्याचे दोन भाऊ आणि एक मेव्हणा पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडून सारंग घेऊन गेले, तिघेही सपाटीवर राहणारे. साळवे म्हणायचे, "कंपनी लांब हाय. लोकांनी कंपनी थोडीच पाह्यली? लोकांनी मला पाह्यलं."

मग कंपनीचे साहेब आले. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, वयाने माझ्याहून लहान. भिंतीवर पडदा लावून त्यांनी आम्हाला पुढचा काळ दाखवला. पेट्रोलची सारंग बंद होणार होती. त्या जागी विजेवरची सारंग. गिअर नाही, किक नाही, आवाज नाही. गिऱ्हाईक फोनवरून गाडी पसंत करणार, फोनवरून नोंदवणार आणि गाडी टेंपोतून सरळ घरी उतरणार. परदेशी गाड्या आल्यात, स्वस्त गाड्या आल्यात, देशी कंपनीला टिकायचं असेल तर हेच करावं लागेल, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. मला तर ते सगळं पटत होतं, पण त्या पडद्यावर कुठेही माझं टेबल दिसत नव्हतं.

साळवे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हात वर केला. "साहेब, मंग मागं कोण बसंल?"

"सीट दोन माणसांचीच आहे काका," साहेब म्हणाले. "ती कमी नाही केलेली."

शेवटी एक फॉर्म वाटला. गिऱ्हाईक आपल्याच कंपनीची गाडी पुन्हा का घेतं? किंमत, दिसणं, ॲव्हरेज, सर्व्हिस, असे चौकोन. साळव्यांनी एकाही चौकोनात खूण केली नाही. सगळ्यांत खाली 'इतर' असं होतं, त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'चहा'. साहेबांनी वाचलं आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

त्या दिवसानंतर त्यांच्या येरझाऱ्या वाढल्या. दारातून ते थेट हमरस्त्यापर्यंत जात आणि गाड्या बघत उभे राहत. जाणाऱ्या दहा गाड्यांत सारंग किती, हे येऊन मला सांगत. कधी चार, कधी तीन. "पोरं फोनमदी पाहून राह्यले," ते म्हणत, आणि त्यात राग नसे, नुसती बेचैनी असे. मला ती बेचैनी चावायची. माझी स्वतःची काय कमी होती? मी जालन्यात गुपचूप दुसरी नोकरी बघत होतो आणि ते त्यांना कळलेलंही होतं. बोलले मात्र नाहीत.

विजेच्या सारंगचं पुस्तक आलं तेव्हा ते त्यांनी आठ दिवसांत तीनदा वाचलं. पेन्सिलने रेघा ओढल्या. बॅटरी म्हणजे काय ते मला समजावलं. नमुन्याची गाडी आली तेव्हा मिस्त्रीच्या मागे बसून ते तालुकाभर फिरले. डांबरी रस्ता, कच्चा रस्ता, चढ, उतार, आणि दर वेळी किती चार्ज उतरला ते खिशातल्या कागदावर. आल्यावर मला म्हणाले, "आवाज न्हाई म्हणून पहिले दोन दिवस मला काही समजलं न्हाई. आता समजून राह्यलं. गाडी चांगली हाय."

आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते उत्तमराव शेजूळ. सत्तरी ओलांडलेली, तिसरी सारंग दारात उभी, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ना किक मारता येत होती ना गिअर. पोरांचा विजेच्या गाडीला विरोध होता. उत्तमरावांनी पोरांचं ऐकून घेतलं आणि साळव्यांना विचारायला आले. त्यांच्यामागे धावड्यातली आणखी सहा घरं थांबली होती, हे त्यांनी त्याच वेळी सांगितलं. "तुम्ही घ्या म्हणले तर मी घेतो. मी घेतली तर ते घेतील."

साळव्यांनी चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत शोरूमची फरशी झिजली असेल. मी म्हणालो, "सांगून टाका की एकदाचं. शोरूम टिकायचं असेल तर या सात गाड्या जायला हव्यात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डोकं कागदात खुपसलं. शोरूम टिकण्याचं त्यांच्या मनातच नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांच्या शब्दाने घेतलेली एकही गाडी वाया गेली नव्हती. हा शब्द चुकला तर पुन्हा कोणी त्यांना मागे बसवणार नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "घ्या."

गाडी द्यायच्या दिवशी त्यांनी उत्तमरावांना सगळं समजावलं. रात्रभर चार्जिंग केलेलं आहे. कंपनी शंभर किलोमीटर म्हणते, आपण ऐंशीच धरायचे. वेगाचं बटण दाबायचं नाही. भोकरदन ते धावडा जाऊन परत येऊन वर उरेल. मी बाजूला बसून कागदांवर सह्या घेत होतो आणि मनात बेरीज करत होतो. बरोबर होती. उत्तमरावांनीही बोटं मोजली. त्यांनाही बरोबर वाटली. मग हार घातला, नारळ पिशवीत ठेवला आणि दोघं निघाले, पुढे उत्तमराव, मागे साळवे. गाडीचा आवाज नसल्याने मी मान वर केली तेव्हा ते कोपऱ्यावर पोचलेसुद्धा होते. आणि कोपऱ्यावर ते वळले उलट्या दिशेला, राजूरकडे.

मी ते पाहिलं. पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. राजूर इकडे, धावडा तिकडे. राजूरला जाऊन यायचे पन्नास किलोमीटर आम्हा तिघांपैकी कोणीही मोजले नव्हते. राजूर हे आमच्याकडे अंतरात धरतच नाहीत. गाडी घेणं आणि राजूरला जाणं हे एकच काम आहे, दोन नाहीत. पेट्रोलच्या गाडीत ते कधी मोजावं लागलं नव्हतं, कारण वाटेत पंप होता.

साडेबाराला साळव्यांचा फोन आला. "गाडी बंद पडली. धावड्याच्या अलीकडं, आठ-नऊ किलोमीटर. या."

मी पंपावर गेलो, बाटलीभर पेट्रोल घेतलं आणि सुसाट निघालो. ऊन मरणाचं होतं. दोन म्हातारे भर रस्त्यात उभे असतील या काळजीने मी खड्डेही पाहिले नाहीत. पोचलो तर गाडी रस्त्याकडेच्या एका मळ्यात, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला टेकवलेली. दोघांनी मिळून ती तिथवर ढकलत आणली होती. उत्तमराव लिंबाखाली बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला. साळवे विहिरीला फेऱ्या मारत होते. मी धावत जाऊन बाटली पुढे केली.

उत्तमरावांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कुठं ओतू, बाबा?"

अकरा वर्षं गाड्यांची कागदं करणाऱ्या माणसाने विजेच्या गाडीसाठी पेट्रोल आणलं होतं. साळवे फेरी न थांबवता म्हणाले, "तुमच्याच गाडीत टाका, कागदवाले." एरवी आम्ही तिघं पोट धरून हसलो असतो. त्या वेळी कोणी हसलं नाही.

चार्जर पिशवीत होता, मळेवाला ओळखीचा होता, खोलीत प्लगही होता. वीज नव्हती. शेतीची लाईट त्या आठवड्यात दुपारी तीनला यायची. अजून दीड तास तरी बसून राहायचं होतं.

मग उत्तमराव म्हणाले, "साळवे, गावात सहा घरं वाट पाहून राह्यले. पोरं तर टपूनच बसेल हायत. मी तुमच्या शब्दावर घेतली."

साळवे थांबले. "चूक माझी हाय. पुस्तक सगळं वाचलं. तालुका सगळा फिरलो. राजूर मोजलं न्हाई."

"मी तरी कुठं मोजलं?"

"तुमचं काम न्हाई ते. माझं हाय. मी दर खेपेला राजूरला उभा राह्यलो, अन् तेच इसरलो." मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "गाडी वापस करा, दादा. मी मालकाला सांगतो. माझ्या नावावर घाला."

"वापस?" उत्तमराव सरळ बसले. "राजूरला नेलेली गाडी कुणी वापस करतं का? अन् मी वेगाचं बटन दाबेल होतं. दोनदा. तुम्हाला सांगितलं न्हाई."

"मला माहीत हाय," साळवे म्हणाले. "मागं होतो ना मी."

तेवढ्यावर उत्तमरावांच्या ओठाचा एक कोपरा हलला. साळवे मात्र पुन्हा विहिरीभोवती चालू लागले. तीन वाजेपर्यंत त्यांनी किती फेऱ्या मारल्या ते मी मोजायला लागलो होतो, पण मध्येच मलाही बसवेना आणि मी उठून रस्त्यावर उभा राहिलो.

तीनला लाईट आली. तासाभरात गाडीवर थोडे आकडे चढले. मी हिशेब करून सांगितलं की एक माणूस धावड्याला आरामात पोचेल, दोघांचं सांगता येत नाही. साळवे माझ्या मागे येऊन बसले. उत्तमराव एकटे पुढे निघाले, हळू, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. मी त्यांच्यामागे. साळवे माझ्या मागे कितीदा तरी बसले होते, पण त्या आठ किलोमीटरमध्ये त्यांची बोटं माझ्या खांद्यावर सारखी वाजत होती. मागच्या सीटवर बेचैन झालेले साळवे मी तेवढेच पाहिले.

गावाच्या वेशीपाशी उत्तमराव गाडी उभी करून थांबले होते. त्यांनी सीटवर हात आपटला. "बसा मागं."

"चार्ज उतरंल, दादा."

"गावापुरता हाय. तुम्ही मागं न्हाई तर मी शिरत न्हाई गावात."

साळवे उतरले आणि त्यांच्या मागे बसले. पाठ सरळ, हात मांडीवर. मी माझी गाडी लांबच ठेवून चालत गेलो. सारंग गल्लीत शिरली की पूर्वी आवाजाने घराघरांतून माणसं बाहेर यायची. या वेळी ते दोघे हार घातलेल्या गाडीवरून गल्लीभर गेले आणि कोणाला पत्ता लागला नाही. दारात पोचल्यावर उत्तमरावांनी हॉर्न दाबून धरला. तेव्हा पोरं, सुना, शेजारी सगळे आले. उत्तमरावांनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, काही न लपवता, की गाडी वाटेत बंद पडली, राजूर मोजायचं राहिलं, ज्याला घ्यायची त्याने राजूर धरून मोजावं आणि दुसऱ्या दिवशी पूजेला जावं. साळवे हेल्मेट हातात धरून खाली बघत उभे होते. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलंच नाही. उत्तमरावांनी त्यांच्या दंडाला धरलं. "गाडी पोचली, साळवे. चला, चहा आत."

पुढे धावड्यात त्या सहा घरांपैकी तिघांनी विजेची सारंग घेतली. तिघांनीही फोनवरून घेतली. गाड्या टेंपोने उतरल्या. साळव्यांना हे मीच सांगितलं. ते म्हणाले, "घेतली ना? बराबर हाय मंग," आणि दारात गेले.

वर्षभरात शोरूम बंद झालं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. शेवटच्या दिवशी निरोपाचं वगैरे काही झालं नाही. साळव्यांनी खुर्चीतलं हेल्मेट उचललं, किल्ल्यांचा जुडगा मालकांच्या टेबलावर ठेवला आणि रिकामे हात हलवत निघून गेले. मी जालन्याला एका विम्याच्या कचेरीत लागलो. रोज माझ्या जुन्या सारंगवर जातो-येतो. येता-जाता रस्त्यावरच्या गाड्या मोजायची खोड मलाही लागली आहे. दहात दोन, कधी एक.

परवा चतुर्थी होती. मी सुट्टी लवकर घेऊन परत येत होतो आणि राजूरला गर्दीत अडकलो. देवळाबाहेर नव्या गाड्यांची रांग होती. सगळ्या कंपन्यांच्या, निम्म्या विजेच्या. आणि त्या रांगेच्या कडेला, टपरीजवळ त्यांच्या नेहमीच्या जागी, साळवे. हातात हेल्मेट. एका नव्या गाडीवाल्या तरुणाशी बोलत होते.

"कोणतं गाव?"

"घनसावंगीकडचं."

"लांब हाय. चार्ज किती उरला? राजूर धरलं का?"

"काका, फोन दाखवतो सगळं. वाटेत चार्जिंग कुठं हाय तेबी दाखवतो."

"बराबर हाय," साळवे म्हणाले. मग थोडं थांबून, "मी मागं बसून येऊ का? रस्ता पाहेल हाय माझा."

तो तरुण अवघडला. वाईट नव्हता. "मंडळी हाय ना मागं, काका," तो म्हणाला. साळव्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले. ती गाडी गेली. ते पुढच्या गाडीकडे वळले आणि तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"कागदवाले. भोकरदनला चालले?"

ते बसले. राजूरपासून भोकरदनपर्यंत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग जात आलंय हे सांगायला. मागे कोणी आहे असं वाटत नव्हतं, म्हणून मी दोनदा आरशात पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी सवयीने गाडी हळू केली. ते उतरले नाहीत. "आत घ्या," म्हणाले. अकरा वर्षं मी त्यांना त्या कोपऱ्यावर सोडत होतो आणि तिथून त्यांचं घर कितवं हे मला माहीत नव्हतं. घाई असते, उशीर होतो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. घाई नव्हती. साळव्यांना ओट्याखाली कप देणाऱ्या त्या माउलीला मी मनातल्या मनात कितीदा नावं ठेवली होती, आणि मी काय केलं होतं? कधी इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

गल्लीत शिरलो. डाव्या हाताचं चौथं घर, निळा दरवाजा, पायरीवर तुळशीचं नव्हे, गुलाबाचं रोप. ते उतरले. हेल्मेट काढलं.

"गाडी पोचली," साळवे म्हणाले. "आता चहा आत."

मी इंजिन बंद केलं. ते एका हाताने दाराचा पडदा बाजूला धरून उभे होते, अजिबात न हलता, मी येईपर्यंत.